बचत जरा जास्तच झाली

फेब्रुवारी संपला आणि मी घरखर्चाची बेरीज केली, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती शंका. बेरीज पुन्हा केली. आकडा तोच आला. महिन्याच्या किराण्यात चार हजारांची बचत व्हावी म्हणून मी भांडुप, मुलुंड आणि घाटकोपर पालथे घातले होते. बचत झाली होती साडेपाच हजारांची.

ज्याचे आयुष्य कारखान्याच्या तपासणी खात्यात गेले, त्याला अपेक्षेपेक्षा चांगले माप आले की चैन पडत नाही. पॉलिटेक्निकमध्ये आमचे एक शिक्षक सांगत असत : माप वाईट आले तर यंत्र तपासा, माप फारच चांगले आले तर आधी स्वतःचा हात तपासा. तो धडा मी नोकरीभर पाळला. घरात तो पाळण्याची वेळ येईल असे मात्र वाटले नव्हते.

या बचतीमागे माझी सून श्रुतिका हिची नोकरी होती. ती मरोळच्या एका विमा कार्यालयात दाव्यांची कागदपत्रे तपासते. भांडुपहून सकाळी सातला निघते आणि परत येते तेव्हा प्रांजल, म्हणजे माझी सहा वर्षांची नात, पेंगुळलेली असते. जानेवारीत तिला मुलुंडच्या एका शाळेतून बोलावणे आले. काम प्रयोगशाळा साहाय्यकाचे, रसायनशास्त्रातल्या तिच्या पदवीला साजेसे. आणि दुपारी तीनपर्यंत घरी. पगार मात्र पुष्कळच कमी.

“बसभाडं, बाहेरचं खाणं, प्रांजलच्या शिकवणीची फी, सगळं वजा केलं मी,” त्याच सुमारास एका रविवारी जेवताना ती म्हणाली. “तरी महिन्याला चार हजारांचा खड्डा उरतो.”

माझा मुलगा राजेश ताटात बघत म्हणाला, “घराचा हप्ता माझा अर्धा पगार खातो. कुठून आणू, सांग ना.”

“तुला आण म्हटलं का रे मी? नुसतं सांगतेय. मार्चअखेर कळवायचंय त्यांना. नाही म्हणून कळवते.”

माझी पेन्शन माझ्या आणि प्रेमाच्या औषधांपुरतीच आहे, त्यामुळे मला तिथे बोलण्याचा फारसा अधिकार नव्हता. तरीही मी बोललो. म्हणालो, “घरात येणाऱ्या किराण्याचे भाव गेल्या कित्येक वर्षांत आपण कुणीच पडताळलेले नाहीत. दोन महिने ते काम माझ्याकडे द्या. चार हजार तिथे सापडतात का, ते मी पाहतो.”

प्रेमाने, म्हणजे माझ्या पत्नीने, आमटीची पळी भांड्यावर आपटली. आम्ही मूळचे मालवणकडचे. चारचौघांत ती मुंबईची मराठी बोलते, पण घरात, आणि राग आला की तर हमखास, गावाला जाते. “इतकी वर्सां मी काय पैसे गटारात टाकी होतंय?”

“तसे नव्हे गं.”

“मग कसा? आणि मासळेक हात लावशात तर याद राखा. ता माजा काम.”

श्रुतिका मात्र गंभीर झाली होती. ती म्हणाली, “बाबा, बघा तुम्ही. पण एक अट आहे माझी. माझ्या नोकरीपायी घरात कुणाच्या ताटात कमी पडलं, असं व्हायला नको. तसं झालं की मी त्याच दिवशी शाळेला नाही म्हणून सांगणार. तिथे मनाला लागत राहील माझ्या.”

अट मला योग्य वाटली. खरे तर ती अटच माझ्या कामाची व्याख्या होती : वस्तू तीच, दर्जा तोच, ताटातला घास तेवढाच, फक्त विकत घेण्याची जागा बदलायची.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी काहीच विकत घेतले नाही, नुसता फिरलो. लवकरच ध्यानात आले की सर्व वस्तूंत स्वस्त असे एकही दुकान नसते. स्टेशनजवळच्या मोठ्या वातानुकूलित दुकानात तेल आणि साबण खरोखरच स्वस्त. पण त्या दोन वस्तूंसाठी आत शिरलेला माणूस तूरडाळही तिथेच उचलतो, आणि ती डाळ किलोमागे चांगली वीस रुपयांनी महाग असते. घाटकोपरच्या घाऊक पेठेत वाडा कोलम तांदूळ दहा किलोच्या हिशेबात घेतला तर मोठा फरक पडतो. मात्र तो रिक्षाने घरी आणला की तोच तांदूळ महाग होतो, म्हणून मी बसने जाऊ लागलो. तेलाच्या पिशव्यांनी तर माझी परीक्षाच घेतली. तीन कंपन्यांच्या पिशव्या दिसायला सारख्या, पण छापलेले वजन तिन्हींवर निराळे. स्वस्त दिसणारी पिशवी किलोच्या भावात सर्वांत महाग निघाली. त्या क्षणी मला जुन्या खात्यातल्यासारखे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

आमचा नेहमीचा वाणी रतनशेठ. त्याच्याकडून मी डाळी आणि रवा घेणे चालूच ठेवले होते, कारण त्या दोन्हींत त्याचा भाव कुणालाही मागे टाकणारा होता. पण बाकीचे सामान बंद झाल्याचे त्याला कळल्याशिवाय कसे राहील?

“काका, परवा तुम्हाला घाटकोपरच्या बसमध्ये बघितलं,” डाळ जोखता जोखता तो म्हणाला. “मांडीवर तांदळाची गोणी घेऊन बसला होता. नातवंडाला धरतात ना, तशी.”

मी त्याला कारण सांगितले. लपवण्यासारखे त्यात काही नव्हते.

“मग तसं बोला ना! मला वाटलं, माझ्या तांदळात खडे निघाले.” त्याने पुडा बांधला. “साखर मात्र माझ्याकडूनच घ्या. त्या मॉलवाल्याला साखरेत हरवीन मी. बाकी फिरा खुशाल. फिरल्याने तब्येत पण राहते.”

असा तो महिना गेला. घरात कुणी तक्रार केली नाही. भात तसाच, आमटी तशीच. माझ्या अंदाजाने या खटपटीतून साडेतीन हजार सुटायला हवे होते, आणि उरलेले पाचशे मार्चमध्ये कसे मिळवावेत याचा विचार मी करू लागलो होतो. त्याऐवजी हाती आले साडेपाच हजार.

मी स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडले. महिन्याच्या आरंभी तांदळाचा डबा मी गळ्यापर्यंत भरला होता. दर महिन्याला तो अखेरीस रिता होतो आणि प्रेमा तळाशी माप खरवडते. तो आवाज मला बाहेरच्या खोलीतही ऐकू येतो. आज त्यात जवळजवळ पाव डबा तांदूळ होता. साखर उरलेली, तेल उरलेले. फळीवरच्या टोपलीत नारळसुद्धा उरले होते, आणि आमच्या घरात नारळ उरणे म्हणजे भरती न येणारा समुद्र.

म्हणजे जास्तीची बचत दुकानांतून आलेली नव्हती. ती ताटांतून आली होती.

काही दिवस फक्त पाहत राहिलो. राजेश सकाळचा चहा बिनसाखरेचा पीत होता. विचारले तर म्हणाला, “डॉक्टरांनी सांगितलंय.” कोणते डॉक्टर, ते त्याला सांगता येईना. दुसऱ्यांदा भात घ्यायचेही त्याने सोडले होते. प्रेमा सर्वांना वाढून झाल्यावर जेवायला बसे, आणि तिच्या ताटात काय असते ते इतकी वर्षे मी पाहिलेच नव्हते. आता पाहिले. वाटीत आमटी होती, भात नावापुरता. आमटीच्या वाटपात नारळही ती अर्धाच घालत होती. चव भरून काढण्यासाठी कांदा अधिक भाजत होती. त्या भाजलेल्या कांद्याची तर मी दोनदा स्तुती केली होती.

शेवटी मार्चच्या पहिल्या रविवारी, सगळ्यांना वाढून प्रेमाही ताटावर बसली तेव्हा, मी विषय काढला. “या घरात कमी कोण जेवतंय?”

मोठ्यांनी एकदम घास घेतला. मग प्रांजलने बोट वर केले, शाळेत करतात तसे.

“आई,” ती म्हणाली. “आई डब्यात दोनच चपात्या नेते. आधी चार न्यायची. मी मोजते.”

“प्रांजल, जेव मुकाट्याने,” श्रुतिका म्हणाली.

“आणि पप्पा साखर घेत नाहीत, कारण आजोबांचे पैसे वाचले पाहिजेत. पप्पांनीच मला सांगितलं, कुणाला सांगू नको म्हणून.”

“वाट लावलीस गं बाई,” राजेशने कपाळाला हात लावला.

“तू साखर सोडलीस?” श्रुतिका त्याच्याकडे वळली. “माझ्यासाठी?”

“तू चपात्या सोडल्यास त्याचं काय?”

“माझं वेगळं आहे. नोकरी माझी आहे.”

“वा! म्हणजे अट आम्हाला, आणि उपास तुला?”

प्रेमा शांतपणे ताटात भात कालवत होती. मी तिला म्हणालो, “आणि नारळ?”

“माका काय विचारतास?” तिने मान वर केली. “आधी स्वतःचा सांगा. चार वाजताची चाय खय गेली तुमची? आणि बरोबरची ती खारी? महिनो झालो, बरणी भरलेली आसा.”

दुपारचा चहा मी खरोखरच सोडला होता. बाजारातून यायला उशीर होतो, आता कशाला गॅस पेटवायचा, असे रोज स्वतःला सांगत होतो, आणि ते कारण मला इतके पटले होते की ती काटकसर आहे हे माझे मलाच उमगले नव्हते. स्वतःचा हात तपासा, हे शिक्षकांचे वाक्य मी जगाला ऐकवत आलो. तपासायचा राहिला तो माझाच हात.

श्रुतिकाने ताट बाजूला सारले. तिचा आवाज अगदी सपाट झाला होता. “मग झालं ना. उत्तर मिळालं. घरातली पाचपैकी चार माणसं अर्धपोटी राहिली, तेव्हा कुठे हिशेब जुळला. मी उद्या शाळेत फोन करते.”

“फोन करू नकोस,” मी म्हणालो.

“बाबा, अट ठरली होती आपली.”

“अट मोडली हे खरे. पण उत्तर मिळालेले नाही. चाचणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. मी दुकान बदलले. त्याच वेळी चार जणांनी चोरून चार गोष्टी बदलल्या. ही चाचणी बाद झाली. बाद चाचणीवरून माल पास करता येत नाही, तसा तो नाकारताही येत नाही. मार्च महिना माझ्या हातात आहे. तो मला दे.”

मग तिने ताट पुन्हा पुढे ओढले.

“सगळे नीट जेवणार असतील तरच,” ती म्हणाली. “आणि मला फसवायचं नाही. आकडा कमी आला तर कमी आला.”

“ते मी शिकलेलोच नाही,” मी म्हणालो.

“काय, फसवायला?” प्रेमा म्हणाली. “ता खरा. लग्नात स्वतःचा वजन पण खरा सांगितल्यानी होता.”

त्या दिवसापासून वाढण्याचे काम मी माझ्याकडे घेतले. राजेशला दुसऱ्यांदा भात, श्रुतिकाच्या डब्यात चार चपात्या, वाटपात पूर्ण नारळ, आणि चार वाजता माझा चहा, खारीसह. राजेश म्हणे, “बाबा, आता बटण तुटेल,” आणि प्रेमा म्हणे, “जेवताना इन्स्पेक्टर उभो रवलो.” तिला मी आमच्याबरोबर जेवायला बसवले. पहिले दोन दिवस ती तीनदा उठली. नंतर सवय झाली.

पोटभर खाणाऱ्या घराचा हिशेब निराळा असतो, हे महिन्याच्या मध्यावर स्पष्ट झाले. रतनशेठची साखर, मोठ्या दुकानातले तेल, घाटकोपरचा तांदूळ, सर्व बरोबर चालले होते. तरी माझा पहिला अंदाजच खरा ठरणार अशी लक्षणे होती. पाचशे रुपये कमी पडत होते. मी गव्हाचे भाव पुन्हा पडताळले, चहाच्या पुड्यांची तुलना केली, मुलुंडला भाजीसाठी दोन फेऱ्या मारल्या. हाती आले ते किरकोळ. श्रुतिका काही विचारत नसे. पण मी पिशव्या घेऊन आलो की ती माझ्या चेहऱ्याकडे पाही, आणि मग घाईने दुसरे काही काम काढी.

एका सकाळी मी चष्मा पुसत बसलो होतो. प्रेमा समोर येऊन उभी राहिली.

“किती कमी पडतत?”

मी सांगितले.

“आणि कमी करूक आता काय उरला?”

“मासळी सोडून सगळे पाहून झाले. मासळीला हात लावायचा नाही असे ठरले आहे.”

“तुमी लावूचो नाय. मी लावतंय.” तिने पदर खोचला. “सुरमय मी तुकडे करून घेतंय, तुकड्यांचो भाव जास्तच आसता. अख्खी घेतली तर कितीतरी स्वस्त. पण अख्खी आपल्या घरात संपूची नाय, शिळी होतली. म्हणून शेजारच्या माधुरीक इचारलंय. अर्धी तिची, अर्धी आपली.”

“हे तू आधी का नाही केलेस?”

“डोक्यापायी!” ती म्हणाली. “अख्खी सुरमय वाटून घेऊची म्हटल्यावर डोक्या कोणाचा? माधुरीक पण होया, माका पण होया. डोक्याचा सार तुमकाच आवडता ना?”

“मग आता?”

“आता पाळी लावली. एक येळ तिची, एक येळ माजी. पयली पाळी तिची. ह्या रविवारी तुमका डोक्या नाय.”

ज्या प्रश्नाने मला दोन आठवडे छळले, तो माशाच्या डोक्यापाशी अडलेला होता. माझ्या कोणत्याही पुस्तकात हे नव्हते. मी त्या रविवारी तुकड्यांची आमटी खाल्ली आणि ती उत्तम होती; पुढच्या रविवारी डोक्याचे सार झाले आणि ते त्याहून उत्तम होते. भिंतीपलीकडून माधुरीबाईंचा आवाज आला, “प्रेमावहिनी, वास येतोय हां! पुढची पाळी माझी, विसरू नका!”

मार्चच्या शेवटच्या शनिवारी श्रुतिकाला सुट्टी होती. मी टेबलाशी बसून बेरीज करत होतो, आणि ती समोरच्या खुर्चीत मटार सोलत होती. एकच शेंग बराच वेळ तिच्या हातात होती. राजेश दाराशी उभा होता. फेब्रुवारीत उरलेल्या तांदूळ-साखर-तेलाची किंमतही खर्चात धरली होती. बेरीज झाली. मी ती पुन्हा केली, कारण तशी पद्धत आहे.

“चार हजारांवर सत्तर रुपये,” मी म्हणालो.

श्रुतिकाने डोळे वर केले. “नक्की? सगळे नीट जेवून?”

ते मला कागदावर दाखवता येणारे नव्हते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तो आवाज आला. पत्र्याच्या तळावर माप घासल्याचा. खर्र, खर्र. मग प्रेमाची हाक, “अवो, तांदूळ संपले! रातच्याक एक माप पण नाय!”

आयुष्यात कित्येक गोष्टी मी तपासून पास केल्या, पण रिकामा डबा पाहून इतका हलका कधी झालो नव्हतो. मी श्रुतिकाला स्वयंपाकघरात नेले. तिने डब्यात वाकून पाहिले. साखरेचा डबा उघडला, तेलाची किटली हलवून पाहिली, नारळाची टोपली पाहिली. टोपलीत करवंट्याच होत्या. मग ती एकदम हसली, आणि हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले.

“खाल्लं की रे सगळं,” ती राजेशला म्हणाली.

“मी एकट्यानेच खाल्लं बहुतेक. पँट बघ माझी. आता फोन लाव, शाळेचं ऑफिस बारापर्यंतच असतं.”

तिने फोन लावला. “मी श्रुतिका बोलतेय, प्रयोगशाळेच्या जागेसाठी... हो. हो, येतेय मी. जूनपासून नक्की.” प्रांजल तिच्या कमरेला मिठी मारून उभी होती आणि पलीकडचा आवाज ऐकू यावा म्हणून टाचा उंच करत होती. “म्हणजे तू तीन वाजता घरी?” तिने विचारले. श्रुतिकाने फोनवर हात ठेवून मान हलवली. “रोज?” पुन्हा मान हलली.

मी पिशवी घेतली आणि खाली उतरलो. घाटकोपरला जायला वेळ नव्हता.

“रतनशेठ, दोन किलो कोलम द्या.”

त्याने माझ्याकडे बघितले, मग पिशवीकडे. “काका, माझा भाव जास्त आहे हां. नंतर म्हणाल, सांगितलं नाही.”

“माहीत आहे. पडताळला आहे मी. द्या.”

“काय, आज खूश दिसता?”

“घरातले तांदूळ संपले,” मी म्हणालो.

रतनशेठने मापात तांदूळ ओतता ओतता मान हलवली, जणू म्हातारपणी माणसांचे असेच व्हायचे. आणि वर एक मूठ जास्त टाकली.